कौसाबाईने न पाहिलेला झरा

विसरवाडीच्या धर्मशाळेत उतरलेल्या एखाद्याचा बैल लंगडला किंवा गाडीचे चाक मोडले, की त्याला एक दिवस जास्त मुक्काम करावा लागे. मग संध्याकाळी ओट्यावर टेकून तो हमखास विचारी, "उद्या दिवसभर करायचं काय? इथं पाहण्यासारखं काही आहे का?"

कौसाबाईचे उत्तर ठरलेले असे. "दोन कोसवर डोंगरमा झरा शे. कातळवरथीन पानी पडस. उंबरखाले बठं की आंगवर शितोडा येतस. सकाळी निंघा, दिवाबत्तीले परत येशात."

बावीस वर्षे ती हे सांगत आली होती. झरा मात्र तिने एकदाही पाहिला नव्हता. ते बोलणे तिच्या नवऱ्याचे, भिलाचे होते. तो बोलायचा तसेच ती बोले. "शितोडा" म्हणताना त्याच्यासारखाच हात हलवी.

धर्मशाळा एका व्यापाऱ्याने बांधलेली. राखणीला भिला आणि कौसाबाई. उतारूंनी आपापले रांधून खायचे, कारण एकाच्या हातचे दुसऱ्याला चालत नसे. धर्मशाळेने चूल, सरपण, पाणी आणि भांडी द्यायची. भांडी देणे, परत आली की राखेने पुन्हा घासणे आणि उपडी घालणे हे कौसाबाईचे काम. शिवाय एक नियम होता, तो भिलानेच घातलेला: उतारू असताना ओटा रिकामा सोडायचा नाही. त्यामुळे झरा दाखवायला भिला जाई आणि ओट्यावर कौसाबाई राही. संध्याकाळी तो धुतल्या पायांनी, ताजातवाना होऊन परत येई.

"तू पानी देखी येस, मी राख देखस," ती म्हणायची.

"एक दिन लई जासू तुले," तो म्हणायचा.

तो दिवस काही उगवला नाही. सहा वर्षांपूर्वी भिला तापाने गेला. पुढे पाड्यावरचा सुकराम, जो भिलाबरोबर नेहमी गाडी हाकायचा, तोच उतारूंना घेऊन जाऊ लागला. आता तर उतारूच कमी झाले होते. सुरत-धुळे रस्त्यावर मोटारी धावू लागल्या, आणि मोटारीतल्या माणसाला मुक्कामाची गरज नसते. कौसाबाईचे गुडघे सुजत. येत्या गुरुवारी जावई येऊन तिला शहाद्याला लेकीकडे, धनूकडे नेणार होता, कायमचे. धर्मशाळा तिची जाऊ नानीबाई पाहणार होती.

सोमवारी पहाटे कौसाबाईने नानीबाईच्या हाती कोठीची किल्ली दिली. "आज ओटा तू देख. मी झरावर जास."

"या वयमा?"

"मंग कोनत्या वयमा? गुरवारनंतर मी अठे नही."

नानीबाईने तिच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि किल्ली कमरेला खोचली.

सुकरामची गाडी दाराशी उभीच होती. कौसाबाई तांब्या आणि भाकरीचे फडके घेऊन चढली. तांब्यात विहिरीचे पाणी होते. सुकराम हसला. "माय, झरावर चालनी आनी पानी संगे?"

"हात रिकामा बरा नही वाटस," ती म्हणाली.

पौषाचे ऊन कोवळे होते, तरी कौसाबाईला झोप आल्यासारखे वाटत होते. कित्येक वर्षांत ती दिवसाउजेडी काम न करता बसली नव्हती. बसल्यावर कळले की अंग किती दुखते. रस्ता सागाच्या झाडीतून चढत गेला. कोसभर गेल्यावर सुकरामने बैल सोडले. पुढे गाडी जात नव्हती.

तिथे एक डोह होता. काठावर चिखल, पाण्यात दोन म्हशी. पलीकडे पळसाचे झुडूप. कौसाबाईने चारी बाजूंना पाहिले.

"कातळ कोठे शे? उंबर कोठे शे?"

"त्या वर शेतस. अजून कोसभर. वाट नही, दगडच दगड."

"मन्हा उतारू तठे चढेत?"

सुकराम बैलाच्या गळ्याची घंटा उगाच नीट करू लागला. मग म्हणाला, "अठेच बठेत, माय. पाय धुवेत, भाकर खायेत, झोप काढेत. दोन-चार जन वर गयात व्हतीन."

कौसाबाईला एकेक चेहरा आठवला. संध्याकाळी परत येऊन "काय झरा आहे, बाई!" म्हणणारे ते सगळे. कोणी तिचे मन मोडले नव्हते.

ती दगडावर बसली. नवऱ्याचे नाव तिने कधी घेतले नव्हते, आताही घेतले नाही. "आनी धनूना बाप?"

"भिलाभाऊबी अठेच बठे."

"एकदाबी वर नही गया?"

"नही. कातळ, उंबर हाई मन्हा बापनी सांगेल. मी भाऊले कितलींदा म्हनं, चाल वर. तो म्हने, वर गया ते रात व्हई जाई. तठे कौसा एकली शे."

म्हशीने पाण्यात मान हलवली. इतकी वर्षे ती ज्याच्यावर रुसली होती, तो माणूस इथे या चिखलाच्या काठी बसून उन्हाची तिरीप पाहून परतीची वेळ जोखत होता.

मग तिने लुगड्याचा काष्टा खोचला. "चाल. आपन जाऊ."

वाट खरेच नव्हती. ती एक दगड चढे आणि दम खाई. सुकराम काठी पुढे धरी. तिसऱ्या वळणावर गार वारा आला आणि वरून, झाडीच्या आतून, पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला. मोठा नव्हता, पण थांबत नव्हता.

"थोडंच ऱ्हायनं," सुकराम म्हणाला.

कौसाबाई उभी राहिली. गुडघे ठणकत होते. पण तेवढे एकच कारण नव्हते. डोळ्यांपुढे ओटा आला. नवापूरकडून आलेल्या गाड्या एव्हाना ओट्यापुढे थांबल्या असतील, मोठे पातेले कोणत्या फळीवर आहे ते नानीबाईला ठाऊक नाही.

"परत चाल," ती म्हणाली.

"अते, इतलं वर ईसन?"

"नानी एकली शे तठे."

सुकरामने तिच्याकडे पाहिले आणि काठी फिरवली. डोहाकाठी आल्यावर तिने तांब्यातले पाणी ओतून दिले, डोहात पाय धुतले, भाकर खाल्ली. पाणी बरे होते.

दिव्याची वेळ होण्याआधी ती ओट्यावर आली. पातेले नानीबाईला सापडले नव्हतेच. बुधवारी संध्याकाळी, गाडीचा आस दुरुस्त होईपर्यंत अडकलेल्या एका उतारूने विचारले, "उद्या इथं पाहण्यासारखं काय?"

नानीबाईने तोंड उघडले, पण कौसाबाई आधी बोलली. या वेळी तिचा हात मांडीवरच राहिला.

"कोसभरवर डोह शे. म्हशी ऱ्हातस. पाय धुवाले पानी बरं शे. त्यानावर झरा शे, म्हनतस. मी नही देखा. आवाज आयका."

उतारू जरा हिरमुसला. कौसाबाई परातीत राख घेऊन शेवटची भांडी घासायला बसली.