पाण्याखालची कात्री

कात्रीमावशीचा शिवणकामाशी काडीचाही संबंध नाही. सुईत दोरा ओवतानाही ती चार शिव्या घालते. नाव पडलं ते तिच्या पायांवरून.

तिचा बाप दगडाच्या खाणीत कामाला. बंद पडलेल्या खाणीत पाणी साचलं, तिथे त्याने तिला पोहायला शिकवलं. तिथे ना पायरी, ना धरायला कठडा, त्यामुळे दमून चालायचंच नाही. हात आळीपाळीने पाण्यावरून पुढे टाकायचे, अंग कुशीवर कलतं ठेवायचं आणि पाय कात्रीसारखे फाकवून फटकन मिटायचे. लांब जायचं असेल तर दोन हातांना मिळून एक कात्री. घाई असेल तर दर हाताला एक, या कुशीवरून त्या कुशीवर. तिसरी तऱ्हा तिने स्वतःच जमवली: एक कात्री, मग पायांची बारीक थरथर, पुन्हा कात्री.

बावीस वर्षं ती पोहण्याच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या तासाला जीवरक्षक आहे. सात जणींना तिने ओढून बाहेर काढलंय. आणि आता वरून कागद आला: परीक्षा द्या. दोनशे मीटर, म्हणजे तलावाच्या आठ फेऱ्या, पाच मिनिटांत, पाय सतत चालू. मावशी नापास झाली की जीवरक्षक बाई नाही, आणि बाई नाही म्हणजे बायकांचा तास बंद. असले कागद लिहिणारे कधी गुडघाभर पाण्यात तरी उतरतात का, कोण जाणे!

परीक्षा घ्यायची होती नव्या प्रशिक्षक मॅडमना. वय सव्वीस, शर्यतीची पदकं, गळ्यात शिट्टी. मावशी आवडायची त्यांना, पण नियम म्हणजे नियम.

मावशीने उडी मारली. पहिल्या दोन फेऱ्या ती एका कात्रीवर संथ गेली. मॅडम काठाने चालत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मागे पाणी उडत नव्हतं, फेस नाही, काही नाही.

"मावशी, पाय थांबतायत!"

"कुठे थांबतायत?" मावशी तोंड वर काढून ओरडली. "वरून काय दिसणार तुला? खाली ये की!"

काठावरच्या बायका खिदळल्या. "उतरा मॅडम, पाणी काही चावत नाही!"

मॅडमना राग आला. वही बाकावर आदळली, गॉगल चढवला आणि घड्याळ मुठीत धरून त्या तशाच कपड्यांनिशी शेजारच्या पट्ट्यात उतरल्या. डोकं खाली घातलं.

आणि त्या श्वास घ्यायचं विसरल्या.

निळ्या पाण्यात मावशीचं जाडजूड अंग कुशीवर वळलं. पाय सावकाश उघडले, एक पुढे, एक मागे, आणि फटकन मिटले. मिटताना दोन पायांमधलं पाणी असं मागे फेकलं गेलं, की त्याचा धक्का मॅडमच्या पोटाला लागला. मावशी मात्र हात लांबवून नुसती सरकत होती. तेवढ्यात पाय पुन्हा उघडू लागले होते; ते थांबले नव्हतेच. पाणी काम करत होतं. पाचव्या फेरीला तिने तऱ्हा बदलली. कात्री उजवीकडे, कात्री डावीकडे, सगळं अंग दोराच्या पिळासारखं फिरत होतं. शेवटच्या दोन फेऱ्यांत थरथर सुरू झाली आणि बावन्न वर्षांची ती बाई बाणासारखी निघाली. बारा वर्षं पोहून मॅडमनी असं काही पाहिलं नव्हतं.

"अहो, घड्याळ! घड्याळ दाबा!" बायका कोकलल्या.

मॅडम भानावर आल्या. बटण दाबायला उशीरच झाला होता, तरी आकडा दिसला: चार मिनिटं बावन्न सेकंद.

मावशी काठाला धरून धापा टाकत होती. "बोल गं, पास की नापास?"

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "ते दोन कात्र्यांचं मला शिकवाल?"

"शिकवीन. आधी सही कर. बायकांचा तास टांगलाय त्या कागदावर."

मॅडमनी ओल्या हाताने सही केली. शाई जराशी पसरली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: पाय सतत चालू, खात्री पाण्याखाली जाऊन केली.