गैरहजर बाईचं नाव

नाचणी करपल्याचा वास आला की मला डोळखांबच्या बाजूची ती पत्र्याची शेड आठवते. बचत गटातल्या आम्ही बायका तिथं मोड आलेली नाचणी गॅसच्या भट्टीवर मोठ्या कढईत भाजून सत्त्व करायचो. काही बिघडलं की त्या दिवशी जी आली नसेल तिच्यावर ढकलायचं, अशी आमची रीतच होती. आपली बाजू मांडायला ती तिथं नसायची. एकदा शहापूरच्या दुकानाला द्यायचा माल करपून पार कोळसा झाला, आणि नेमक्या त्या दिवशी सगळ्या हजर होत्या. शेडभर धूर कोंडला होता आणि आम्ही नाकाला पदर लावून एकमेकींकडे बघत उभ्या होतो. गटाच्या अध्यक्षबाईंनी झाऱ्यानं कढईचा तळ खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, "आज तर घरी कोणीच नाय राहिली. मग नाव नको, कसं झालं तेवढं सांगा." भट्टीवरची बाई म्हणाली, "टेम्पो आला म्हणून मी पोती उतरवाया गेले. मला वाटलं, ही हाय कढईपाशी." तिच्या शेजारची हळूच म्हणाली, "मी पण टेम्पोकडंच होते गो." तेव्हापासून टेम्पोचा हॉर्न वाजला की आधी गॅस बंद व्हायला लागला. ती ऑर्डर हातची गेली ती गेलीच. पण पुढच्याच आठवड्यात एकीनं ताप आल्याचा निरोप धाडला आणि ती बिनघोर घरी राहिली. त्याआधी अंगात ताप असतानाही आम्ही कामावर का यायचो, ते मला आता कळतं.