टॉवेल उचलायचा न्हाई

जुन्या जालन्यातला तो लाऊडस्पीकरवाला गिऱ्हाईकाला आवाज ऐकवताना स्वतः डोळे मिटून मान डोलवायचा. त्याच्या टेबलावर कायम एक टॉवेल पडलेला असायचा. मी हात पुसायला एकदा तो उचलायला गेलो, तर "राहू द्या, मास्तर" म्हणत त्यानं माझा हातच धरला.

आमच्या चर्चमधला चेलो, म्हणजे छातीएवढं उंच व्हायोलिनच, मागच्या बाकांपर्यंत ऐकू येईना. पिकअप, म्हणजे वाद्याला चिकटवून त्याचा आवाज वायरीनं स्पीकरला पोचवणारी चकती, घ्यायला मी तो ऑटोतून त्याच्याकडे नेला. तारांखालच्या घोडीला त्यानं एकेक पिकअप चिकटवून दाखवला. स्वस्तातला असो की महागातला, दाराबाहेरच्या स्पीकरमधून सगळे सारखेच गोड वाजले. तिथंच मला शंका आली.

"बघा, कसा बराबर वाजून राह्यलाय," तो डोळे मिटून म्हणाला.

मी गज ओढत राहिलो आणि डाव्या हातानं पिकअपची वायर हळूच उपटली. आवाज तसाच येत राहिला. मग मी टॉवेलाचं टोक उचललं. खाली माईक होता.

त्याची मान अजून डोलतच होती.

"हाच घ्या, मास्तर. बिलकुल ओरिजनल. असा आवाज दुसऱ्या पिकअपचा न्हाई."