कोंडवाडा क्लबवरची धाड

कुठे चार-सहा म्हातारे सतरंजीवर पत्ते घेऊन बसलेले दिसले की ती केस मला आजही जशीच्या तशी आठवते. खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. पण त्या एका दुपारनं जे शिकवलं ते मला प्रशिक्षण केंद्रात कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. अनसिंगकडच्या एका गावात पत्त्यांचा क्लब होता. क्लब कसला, गुरं कोंडायचा जुना कोंडवाडा. तो ओस पडला तेव्हा गावच्या तरुण गुरुजींनी ग्रामपंचायतीकडून मागून घेतला, भिंतींना चुना लावला, सतरंजी टाकली आणि मेंढीकोट सुरू केला. ते मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले तरी डाव चालूच होता. तीन-तीनचे दोन पक्ष. एखादा देवाघरी गेला की त्याची जागा दुसरा घ्यायचा. पाटलांच्या घरातला शेतकरी, बौद्धवाड्यातला निवृत्त रेल्वे गँगमन, गावचा शिंपी, सगळे एकाच सतरंजीवर. निवडणुकीपायी अर्धं गाव एकमेकांशी बोलत नव्हतं, तेव्हाही डाव मोडला नाही. नियम दोनच. पैसा लावायचा नाही, आणि ज्यांच्यावर कोट चढला त्यांनी बाजाराचा ओटा झाडायचा. "पयले अठी ढोरं कोंडत, आता आमी सोताच कोंडून घेतो," असं शिंपी म्हणायचा.

एके दिवशी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता माणूस म्हणाला, कोंडवाड्यात जुगार चालतो, माठामागच्या कोनाड्यात पाहा. मला तिथेच खटकलं. जुगाराची खबर देणारा अड्डा सांगतो, माणसं सांगतो, कोनाडा सांगत नाही. पण स्टेशन डायरीत नोंद झाली होती, जाणं भाग होतं. जमादाराला आणि दोन पंचांना घेऊन मी भर दुपारी तिथे पोचलो.

सहा जण डावात रंगलेले. आम्हाला पाहून कुणी पळालं नाही, उलट एकानं सरकून जागा केली. जमादारानं माठामागे हात घातला. ठिगळं जोडून शिवलेली एक लहान पिशवी निघाली. तिच्यात नोटा आणि पत्त्यांचा एक नवा कॅट. पाच जण एकमेकांकडे पाहू लागले. गुरुजी मात्र फक्त पिशवीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ते माझं हाये. जुगार मीच खेळतो. या लोकायले काही माहीत नाही."

सगळ्यांना ठाण्यात आणलं. गुरुजींना समोर बसवून मी नीट समजावलं. जुगार कायद्याखाली गुन्हा दाखल होईल, कोर्टात उभं राहावं लागेल, हाताखालून गेलेल्या शेकडो पोरांच्या कानावर ही गोष्ट जाईल. तीस-पस्तीस वर्षांची इज्जत एका कागदावर जाणार होती. ते शांतपणे म्हणाले, "ते मी पाहून घेईन, साहेब. तुमी बयान लिहून घ्या." मी दहा प्रश्न विचारले. कुणाशी खेळता, कुठून आणला पैसा, सगळ्याला उत्तर एकच, "माझं हाये."

बाकीच्यांना घरी जायला सांगितलं तर गँगमन आणि शिंपी उठेनात. गँगमन मलाच म्हणाला, "साहेब, हा माणूस खोटं बोलून राह्यला. याच्या हातात हुकमाचा एक्का आला त मिशीतून दिसते. हा कायचा जुगार खेळते?"

तिकडे जमादार पंचनामा लिहीत होता. जुना कॅट, बावन्न ताशपत्ते. नवा कॅट, बावन्न ताशपत्ते.

"मोजले का?" मी विचारलं.

"बावन्नच असतात, साहेब."

"मोजा."

त्यानं तोंड वाकडं करून मोजले. नवे बावन्न भरले, जुने अठ्ठेचाळीस. चार पत्ते कुठे लपवले म्हणून मी शिंप्याला दरडावलं, तर तो हसायलाच लागला. "लपवतो कायले? चारी दुर्र्या काढून टाकतो आमी. साहा जणात बावन वाटल्याच जात नाहीत."

मी नवा कॅट पुन्हा हातात घेतला. पत्ते एकमेकांना चिकटलेले, एकदाही न पिसलेले, दुर्र्यांसकट. हा कॅट त्या सतरंजीवर कधी उतरलाच नव्हता. ज्यानं ठेवला त्याला या क्लबचा खेळ माहीत नव्हता, आणि क्लब काढणाऱ्या गुरुजींना तो माहीत नसणं शक्यच नव्हतं. मग मी कोंडवाड्याची किल्ली कुठे असते ते विचारलं. शिंपी म्हणाला, गुरुजींच्या घरी, खुंटीवर. गुरुजी बायको गेल्यापासून एकटेच राहत. फक्त त्या आठवड्यात पुण्याहून मुलगा सुट्टीवर आला होता.

मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. मुलानं पाणी दिलं, चहा विचारला. चांगला शिकलेला, नम्र पोरगा. मी नवा कॅट त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, सहा जणांचा मेंढीकोट वाटून दाखवा. तो गोंधळला, पण वाटायला लागला. शेवटी चार पत्ते हातात उरले. कुणाला द्यावेत ते त्याला कळेना.

"तुमच्या बाबांनी गुन्हा कबूल केलाय," मी म्हणालो.

त्याच्या हातातले पत्ते खाली पडले. "बाबांनी? काहून?" एवढा वेळ पुण्याचं बोलणारा पोरगा एका क्षणात गावचा झाला. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. मागच्या उन्हाळ्यात बाबा न्हाणीघरात पडले, संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून तो त्यांना पुण्याला चला म्हणत होता आणि ते म्हणत, क्लब कोण चालवीन? "मले वाटलं, तुमी फक्त कुलूप लावान. म्हाताऱ्या माणसायले उचलून नेसान असं वाटलं नवतं." आणि पिशवी? ती त्याच्या आईनं शिवलेली. घरात हाताला लागली, त्यानं घेतली.

मी त्याला ठाण्यात आणलं. पोलिसांना खोटी माहिती देणं हाही गुन्हाच, हे त्याला बापासमोर सांगितलं. गुरुजींनी हात जोडले नाहीत. मुलाकडे न पाहता मला म्हणाले, "साहेब, त्याले दुर्र्यायचं कसं माहीत राहीन? लहानपणी कोंडवाड्याच्या दारात येऊन उभा राहे. पत्त्याले हात लावशीन त हात मोडीन म्हणो मी त्याले. अभ्यास कर म्हणो. साऱ्या गावाले घेऊन बसलो, त्याले नाही बसू देल्लं."

पोरगा रडायला लागला. जमादार उठून बाहेर गेला. मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'माहितीत तथ्य आढळून आले नाही,' आणि दोघांना घरी पाठवलं. गुरुजी पुण्याला गेले नाहीत. मुलानंही पुन्हा तो विषय काढला नाही, पण दर सुट्टीत गावी यायला लागला.

त्याआधी आरोपी कबूल झाला की आम्ही चहा मागवायचो, केस सुटली म्हणून. त्या दुपारनंतर मला एक सवय लागली, ती निवृत्तीपर्यंत टिकली. कुणी फार लवकर 'मीच केलं' म्हणालं की मी लेखणी खाली ठेवायचो आणि आधी विचारायचो, घरी कोण कोण असतं?