पाड्यावरचं प्रभुभोजन

"बाक बदललंस, देव पण दुसरा बघितलास का?" असं आई मला देवळाली कॅम्पच्या चर्चमध्ये, भर उपासनेत, कानात म्हणाली होती. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मैत्रिणीशी भांडून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले होते. आईने दंडाला धरून मला परत जागेवर आणून बसवलं.

आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि दंडाला धरणारं कुणी नाही. इंदिरानगरहून आम्ही ज्या चर्चला जातो तिथे माझी जुनी मैत्रीण शैला दाराजवळच्या बाकावर बसते आणि मी पुढे, गायकवृंदात. शेवटचा आशीर्वाद झाला की मी वळायच्या आत ती निघून गेलेली असते. दोन वर्षं झाली. आधी आम्ही एकाच डब्यातून जेवायचो.

चूक माझी होती. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज फाटला. नाताळच्या गाण्यातलं एक कडवं दरवर्षी ती एकटी गायची. ते दुसऱ्या कुणाला द्यावं, असं मी पाळकांना सांगितलं, तिला नाही. फलकावर यादी लागली, तेव्हा सगळ्यांबरोबर तिलाही कळलं. मी माफीचा मेसेज पाठवला. तो तिने वाचला, एवढंच मला दिसलं.

म्हणून पेठकडच्या एका पाड्यावरच्या साळूबाई आमच्या चर्चला भेट द्यायला आल्या आणि जाताना "आमच्याकडं या की एकदा, भात कापून झाल्यावर" म्हणाल्या, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एक रविवार तरी त्या दाराकडे बघावं लागणार नव्हतं.

शनिवारी सकाळी नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून पेठची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची काळजी नाही. डावीकडची खिडकी मिळाली तर बघा. शहर संपतं, द्राक्षबागा मागे पडतात आणि सावळ घाटात गाडी वळायला लागली की झाडं अगदी हाताशी येतात. करंजाळीला उतरले. तिथला वडापाव गरम होता आणि चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. पुढे जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घड्याळ बघू नका. तीस रुपयांत पाऊण तास हाडं खिळखिळी करून मिळतात. नेटवर्क घाटातच गेलं होतं. जाणार असाल तर शाल न्या, डिसेंबरात पहाटे तिथे फार गारठा असतो. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. मी साखर आणि चहापत्ती नेली होती.

साळूबाईंचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. अंगण त्यांचं आणि त्यांच्या जावेचं एकच. पण जाऊबाई, जनाबाई, समोरून गेल्या आणि दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

"बोलत नाय आम्ही," साळूबाईंनी न विचारता सांगितलं. "खुरासणी वाळत टाकली व्हती. हिच्या बकऱ्यांनी निम्मी खाल्ली. बकऱ्या पण मालकिणीवर गेल्यात. इचारत नाय, सरळ तोंड घालत्यात."

"ऐकू येतंय मला," पलीकडून आवाज आला.

"ऐकायलाच बोलते."

वाचलेल्या खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी असं जेवले. इतकी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

रविवारी पत्र्याच्या एका खोलीत उपासना झाली. चटयांवर चाळीसेक माणसं बसली होती. पाळक काशिनाथभाऊ आठवडाभर शेती करतात, पायाच्या भेगांत अजून माती होती. त्या दिवशी महिन्याच्या पहिल्या रविवारचं प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा. ताटात नागलीची भाकर आणि पेल्यांत मनुका भिजवून काढलेला रस. सगळं पांढऱ्या फडक्याखाली. मी डोळे मिटून तयार झाले, तर भाऊ म्हणाले, "चला, बाहेर जाऊन या."

सगळे उठून अंगणातल्या पाण्याच्या हंड्यापाशी गेले. साळूबाईंनी मला समजावलं: ज्याचं ज्याच्याशी बिनसलंय, त्याने त्याच्या हातावर पाणी घालायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय फडकं निघत नाही.

एका बापलेकाचं झालं, दोन शेजाऱ्यांचं झालं. या दोघी जावा मात्र हंड्याच्या दोन बाजूंना उभ्याच. ऊन वर चढलं. एक आजोबा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मागल्या बारीला यांच्यापायी दुपार झाली व्हती. उरका गं बायांनो, माझी शुगर हाय."

शेवटी साळूबाईंनी तांब्या उचलला. "पाणी गार हाय, आधीच सांगते."

"वत."

साळूबाईंनी तांब्या रिता केला, पार कोपरापर्यंत. जनाबाईंनी ओले हात साळूबाईंच्याच पदराला पुसले. "उद्यापासून बकऱ्या तुझ्या दारात बांधते. तूच राख."

आजोबांसकट सगळे हसले. मग साळूबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमचं कोणाशी काय नाय ना?"

"नाही," मी चटकन म्हणाले.

आत जाऊन बसले. ताट हातोहात फिरत माझ्यापर्यंत आलं. भाकर अजून कोमट होती. मला ती तोडता येईना.

"भाऊ," मी म्हणाले, "माझं आहे एकीशी. ती नाशिकला असते."

"माफी मागितली?"

"मेसेज केला होता."

"मेसेजनं हात कसं भिजतील?" मागून जनाबाईंचा आवाज. कुणी हसलं नाही.

काशिनाथभाऊ हळू आवाजात म्हणाले, "मग ताई, ताट पुढं द्या. तिला घेऊन या कधीतरी. आमची भाकर कुठं पळून जात नाय."

मी ताट पुढे दिलं. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण कुणी वळूनही पाहिलं नाही. लहानपणापासून मी प्रभुभोजन घेत आले. पहिल्यांदाच ते माझ्याविना झालं आणि पहिल्यांदाच मला ते नीट दिसलं. जेवणाच्या पंगतीत जनाबाईंनी माझ्या ताटात दोन भाकऱ्या टाकल्या. "ती नाय मिळाली ना, मग या खा."

दुपारच्या जीपने निघाले, संध्याकाळी घरी. पिशवीत साळूबाईंनी दिलेली वरई होती आणि अंगाला चुलीच्या धुराचा वास. आमच्या चर्चमध्ये सगळं वेळेवर होतं. उपासना दीड तासात आटोपते, पुढच्या बाकावरच्याला मागचा दिसत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. पाड्यावर मात्र प्रभुभोजनाला उपाशी ठेवण्याइतकं त्यांनी माझ्यासारख्या पाहुणीला आपलं मानलं. हे आठवलं की अजून बरं वाटतं.

सोमवारी शैलाच्या दारात गेले. मी तिच्या पाठीमागे बोलले, ते चुकीचं होतं, एवढंच सांगितलं. दाराची कडी धरून तिने सगळं ऐकलं. "बरं," म्हणाली, "गॅसवर भाजी आहे." दार तिने हळू लावलं, आपटलं नाही.

शैला, तुझी लेक हा ब्लॉग वाचते, ती तुला सांगेलच. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा पेठच्या गाडीने जाणार आहे. तुला गाडी लागते, जीपमध्ये तुझी पाठ धरेल आणि माझ्याशेजारी बसायची तुझी इच्छा नाही, हे मला ठाऊक आहे. तू नाहीच म्हणशील. तरी विचारते, माझ्याबरोबर येतेस का?