बाईंचं मुस्कं

साथीत शाळा बंद झाली त्याच्या थोडं आधी मी दोन दिवस वर्गात खोकत होते, ही गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते त्या दोन दिवसांमुळे केलं.

महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. बुलडाणा जिल्ह्यात, आताच्या मोताळा तालुक्यातल्या एका गावात मी पहिली-दुसरीला शिकवत होते. शाळा दोन खोल्यांची आणि शिक्षक आम्ही दोघंच. तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. अंग मोडून आलं होतं, घसा धरला होता, पण मी रजा टाकली असती तर चारही वर्ग त्या एकट्या माणसाच्या गळ्यात पडले असते. म्हणून गेले. पाढे म्हणवून घेतले, एकेका पोराच्या पाटीवर वाकून अक्षरं गिरवून दिली, आणि खोकत राहिले. तिसऱ्या दिवशी उठताच आलं नाही.

त्या आठवड्यात माझा निम्मा वर्ग तापानं पडला, आणि मग त्या पोरांची घरं. हा फ्लू साऱ्या जगात फिरतो आहे असं रेडिओवर सांगत होते, तेव्हा गावात तो मीच आणला असं काही नव्हे. पण माझ्या वर्गात तो मी पसरवला, याबद्दल मला शंका नाही. दुसरीतल्या एका मुलीची आजी त्यात गेली. बरी झाल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तर मुलीची आई मलाच विचारते, "बाई, आता बरं हाय ना तुमाले? पोरगी रोज इचारे, बाई कधी येतीन म्हून." तिनं पुढे केलेला तांब्या मी तसाच खाली ठेवला.

शाळा तीन आठवडे बंद होती. उघडायच्या आदल्या दिवशी धामणगाव बढ्याच्या दवाखान्यातून डॉक्टर आले. ताप अजून पुरता गेलेला नाही, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, खोकणारं पोर घरी पाठवा, असं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि शिकवणाऱ्यानं तोंडावर दुहेरी फडकं बांधलं तर फार बरं. दिवसभर मोठ्यानं बोलणारे तुम्हीच."

"वरून हुकूम आहे का तसा?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हुकूम नाही. माझं सांगणं आहे."

"मग जमायचं नाही डॉक्टरसाहेब. पोरं आधीच भेदरली आहेत. आणि पहिलीचं पोर अक्षर शिकतं ते मास्तरच्या तोंडाकडे बघून. 'प' म्हणताना ओठ कसे मिटतात, 'फ' म्हणताना कसा वारा सुटतो, ते दिसायला नको?"

हेडमास्तर अडाणीपणानं बोलत नव्हते. वीस वर्षं शिकवून त्यांना जे कळलं होतं तेच सांगत होते. तरी मी म्हणाले, "गुरुजी, मी बांधणार."

"लोक हसतील, बाई."

"हसू द्या. मागच्या वेळी मी खोकत शिकवलं, तेव्हा कोणी हसलं नव्हतं."

त्यांनी मला अडवलं नाही. त्यांनी स्वतः मात्र फडकं बांधलं नाही, शेवटपर्यंत नाही.

चावडीशेजारच्या ओट्यावर आमच्या गावचा दर्जी मशीन घेऊन बसायचा. मुसलमान, शांत माणूस, हाताला फार सफाई. त्यानं मांजरपाटाच्या दुहेरी पट्ट्या शिवून दिल्या, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या. रोज एक धुवायची, एक बांधायची. त्याची मुलगी माझ्या पहिलीत होती. सर्वांत पुढे बसायची आणि माझा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

शाळा उघडली. मला पाहून एक पोर रडायला लागलं आणि मागून कोणी तरी ओरडलं, "बाईले मुस्कं बांधलं बे!"

सगळा वर्ग हसला. मीही फडक्याआड हसले. म्हटलं, "बरोबर. खळ्यावर बैलाला मुस्कं काऊन बांधतात?"

"त्यानं कणसाले तोंड लावू नये म्हून!"

"मग माझा खोकला तुमच्या तोंडात जाऊ नये म्हणून बाईंना मुस्कं."

पोरांना ते पटलं. घरी जाऊन त्यांनी तसंच सांगितलं आणि गावात माझं नाव मुस्केवाल्या बाई पडलं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्रास व्हायचा तो आवाजाचा. फडक्यातून आवाज दबायचा, ओरडून ओरडून नरडं दुखायचं. मग मी सावकाश बोलायला शिकले, फळ्यावर जास्त लिहू लागले, पाढ्यांचा ठेका टाळीवर धरू लागले. चार दिवसांत वर्ग रुळला.

दर्ज्याची मुलगी तेवढी रुळेना. मी प्रश्न विचारला की ती नुसती बघत राही. 'कमळ' लिहायला सांगितलं तर शेजारणीच्या पाटीत डोकावे. मला वाटलं, सुटीत अभ्यासाची सवय मोडली. एकदा तर मी तिला उभं करून चांगली रागावले. तेव्हाही ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, फडक्याकडे बघत होती. मला तो हट्ट वाटला. अजून त्या रागावण्याची मला लाज वाटते.

पाचव्या दिवशी मधल्या सुटीत मी कडुनिंबाखाली फडकं खाली ओढून पाणी पीत होते. ती पार आवाराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून बसली होती. पोरांचा गलका चाललेला. मी आपली सहज, आवाजही न चढवता म्हणाले, "झालं का ग जेवण?"

"नाई बाई, अर्धी भाकर राह्यली," तिनं तिथून उत्तर दिलं.

माझ्या पायाशी खेळणाऱ्या पोरांना माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तिला इतक्या लांब कसं गेलं? मी तांब्या खाली ठेवला. चालत तिच्या मागच्या बाजूला गेले आणि तिच्या नावानं हाक मारली. दोनदा मारली, मोठ्यानं मारली. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. मग मी तिच्यासमोर दूर जाऊन उभी राहिले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवले, "इकडे ये." ती उठली आणि धावत आली.

शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले. बाप म्हणाला, "नाई बाई, कानानं चांगली हाय थे. आमी बोलतो थे सारं समजते तिले."

आतून तिची आई बाहेर आली. "मागून आवाज देल्ला तं वळत नाई," ती हळूच म्हणाली. "मले वाटे, खेळाच्या नादात हाय. दोन वर्षांची होती तवा कान लई वाहत होते तिचे."

बापानं मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाला, "म्हंजे पोरगी इतके दिवस आमचं तोंड वाचून राह्यली होती?" आणि माझ्या गळ्यातल्या फडक्याकडे बघून, "अन् मीच तुमचं तोंड शिवून देल्लं."

"तुम्ही शिवून दिलं म्हणून तर कळलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी म्हणत होतो की नाही, ओठ दिसले पाहिजेत? काढा आता ते फडकं."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, हे मी कबूल केलं. पण त्या आजीचं घर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. एका मुलीला दिसावं म्हणून बाकीच्यांच्या तोंडावर पुन्हा खोकायचं, की बाकीच्यांसाठी तिला अंधारात ठेवायचं? मला दोन्ही मान्य नव्हतं. मी तरटपट्ट्या उचलल्या आणि वर्ग कडुनिंबाखाली नेला. पोरांच्या पुढच्या रांगेपासून दहा पावलं मोजून चुन्याची रेघ मारली. नवं अक्षर, कविता, शुद्धलेखन हे सगळं रेघेपलीकडून, उघड्या हवेत, उघड्या तोंडानं. रेघ ओलांडून कोणाच्या पाटीवर वाकायचं झालं की आधी फडकं वर. दर्ज्याची मुलगी पुढच्या रांगेत बरोबर मधोमध.

पहिल्या दिवशी मी 'कमळ' म्हणाले आणि तिनं कोणाच्याही पाटीत न बघता लिहिलं. मग पाटी उंच धरून मला दाखवली.

हेडमास्तर दोन दिवस खिडकीतून बघत होते. तिसऱ्या दिवशी बुलडाण्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली, आपल्या वळणदार अक्षरात, मुलीच्या हुशारीचं दोन ओळी कौतुक करून. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एक कान गेलेला आहे आणि दुसऱ्यानं जेमतेम ऐकू येतं. औषधानं कानाचं अधूनमधून वाहणं थांबलं, गेलेलं ऐकणं परत आलं नाही.

थंडीत ताप परत आला. गावात पुन्हा घरोघरी खाटा पडल्या, माझ्या वर्गातलीही काही पोरं आजारी झाली. फडक्यानं किती वाचली ते मला सांगता यायचं नाही. मात्र त्या खेपेला मलाही चार दिवस खोकला झाला आणि पहिल्याच सकाळी मी रजा टाकली. तुम्ही पडून राहा, मी बघतो, असं हेडमास्तरांनी स्वतः निरोप पाठवला. शिक्षकानं साथीत तोंड झाकावं का, असं कोणी आज मला विचारलं तर मी हो म्हणते, आणि लगेच विचारते की वर्गात तोंडाकडे बघून शिकणारं कोण आहे ते बघितलंत का.

ती मुलगी सातवीपर्यंत शिकली. पुढे मलकापुरात तिनं बायकांचे कपडे शिवायचं दुकान टाकलं. निवृत्त झाल्यावर मी एकदा ब्लाउज टाकायला म्हणून मुद्दाम तिथं गेले. तिच्यासमोर उभी राहिले आणि जुन्या सवयीनं एकेक शब्द तोडून, ओठ ताणून सांगू लागले की बाही जरा लांब ठेव.

तिनं गळ्यातली टेप काढली आणि हसत हसत म्हणाली, "बाई, इतकं सावकाश काऊन बोलून राह्यल्या? मले समजते ना."