कच्च्या टाक्यांचा कोट

आरशासमोर उभा राहून तो आधी छत्री काखेत मारायचा, मग नसलेलं पोट पुढे काढायचा आणि मला सांगायचा, "आज मी न्हाय. आज तो हाय."

हा बोलणारा आमच्या भाईंदरच्या मिठागरावरचा मजूर, आणि 'तो' म्हणजे मिठागराचा मालक. शिमग्याला गावात सोंगं निघत. कुणी वाघ, कुणी नवरी, कुणी गोरा साहेब. हा दर वर्षी मालक व्हायचा. गंमत अशी, की कोट खुद्द मालकच पाठवत. मालक पिंपाएवढे आणि हा वाळलेला बोंबील. मी शिंपी. कोटाची कंबर कच्च्या टाक्यांनी आत घ्यायची आणि शिमगा सरला की उसवून परत द्यायची, हे माझं काम.

एरवी या माणसाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कोट चढला की मात्र मालकांच्या ओसरीवर, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांचं घोरणं, त्यांचा चिकटपणा, जेवणावरचा रुसवा, सगळं तो त्यांच्यादेखत करून दाखवायचा. मालक पोट धरून हसत. रीतच होती ती. सोंगाच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, आणि सोंग ज्याचं त्यानंच उतरवायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास मालक वारले. मुलगा कारभार बघू लागला आणि पहिल्याच हंगामात त्यानं मिठागरावर जाणारी गोड्या पाण्याची बैलगाडी बंद केली. तुम्हीच सांगा, भर उन्हात मिठात उभ्या राहणाऱ्या माणसांनी प्यायचं काय? खाडी?

त्या शिमग्याला मालकीणबाईंनी कोट पाठवला. तो चढवून आमचा मजूर खुर्चीत बसला, पण घोरला नाही. मुलाकडे बघत, हुबेहूब मेलेल्या मालकांच्या आवाजात म्हणाला, "पोरा, मी गेलो म्हनून मानसांचं पानी पन गेलं काय?"

मुलगा उठला आणि सगळ्यांदेखत त्यानं सोंगाच्या अंगावरचा कोट ओरबाडून काढला. माझे टाके तटातट तुटले. दुसऱ्या दिवशी मिठागरावरचं त्याचं कामही गेलं.

आणि गावाचे पंच म्हणाले काय, तर मजुरानं मर्यादा सोडली! कसली डोंबलाची मर्यादा? म्हाताऱ्याच्या घोरण्यावर खिदळताना ती आठवली नाही, पाण्याचं नाव निघताच आठवली? मी हे त्यांच्या तोंडावर बोललो. तू आपली सुई सांभाळ, असं मला ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं उत्तनला मासळी वाळवायचं काम धरलं. पुन्हा गावात पाऊल टाकलं नाही. अजूनही आठवलं की माझं रक्त उकळतं.

पुढच्या शिमग्याच्या आदल्या दिवशी मालकीणबाई स्वतः कोट घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "दर वर्साच्याच मापाचे टाके घाल."

तो आता इथे नाही, असं मी सांगितलं.

"मना ठाव हाय. तू घाल."

मी टाके घातले. दुसऱ्या दिवशी मुंबईहून भाड्यानं आणलेल्या जरीच्या पोशाखात राम-लक्ष्मण निघाले. मुलगा ओसरीवर उभा राहून कौतुकानं बघत होता. शेजारी मालकांच्या खुर्चीला मालकीणबाईंनी कोट नीट चढवला होता आणि पुढ्यात पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला होता. मिरवणूक तिथे येताच ढोलकीवाल्याचा हात थांबला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण कोट मालकांचा असला तरी कंबर त्याच्या मापाची होती.